चाहत्यांच्या मेळाव्यात लिनक्सचे पहिले सत्र कसे आखावे

विज्ञानकथा, कॉमिक्स, ॲनिमे किंवा गेम्स यांचे चाहते स्वतःच्या हौसेने आणि आपसांतल्या वर्गणीवर जे मेळावे भरवतात, त्यांत नवख्यांसाठी लिनक्सचे सत्र घेऊ इच्छिणाऱ्या मराठवाड्यातील स्वयंसेवकांसाठी हा लेख आहे. असे सत्र घेणाऱ्याला लिनक्सची जुजबी ओळख आहे, पण सत्र आखण्याचा अनुभव नाही, असे येथे गृहीत धरले आहे.

मेळावा आणि लिनक्स यांचे नाते जुने आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा आपला केवळ छंद आहे असेच त्यांनी लिहिले होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ साली सुरू झालेल्या पेंग्विकॉन या मेळाव्याने विज्ञानकथा आणि लिनक्स हे दोन्ही विषय पहिल्या वर्षापासून एका छताखाली आणले. डेबियन या जुन्या लिनक्स वितरणाच्या (वितरण म्हणजे लिनक्सचा वापरायला तयार संच) आवृत्त्यांना आजही एका गाजलेल्या ॲनिमेशनपटातील पात्रांची नावे दिली जातात. आवडीपोटी रात्री जागवून काम करणारी माणसे दोन्हीकडे आहेत, त्यामुळे मेळाव्याला आलेल्या मुलामुलींना लिनक्स परके वाटण्याचे कारण नाही. ते परके वाटते ते बहुतेक वेळा सत्राच्या आखणीमुळे: पहिला अर्धा तास इतिहासात जातो, पुढचा अर्धा तास एका लॅपटॉपवर लिनक्स बसवण्यात जातो आणि उरलेले सगळे हाताची घडी घालून पडद्याकडे पाहत बसतात.

म्हणून सगळ्यात आधी एक नियम लिहून ठेवावा आणि आयोजकांनाही सांगावा: या सत्रात कोणाच्याही लॅपटॉपवर लिनक्स बसवले जाणार नाही. सत्र संपल्यावर प्रत्येकाचा लॅपटॉप आला होता तसाच घरी गेला पाहिजे.

या नियमामागचे कारण आपल्या भागातील घरांमध्ये आहे. जालन्याहून किंवा परभणीहून आलेल्या विद्यार्थ्याच्या पाठपिशवीतला लॅपटॉप क्वचितच त्याच्या एकट्याचा असतो. त्यात बहिणीच्या सीईटीच्या अर्जाच्या पीडीएफ असतात, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेले दाखले असतात, वडिलांच्या दुकानाचे टॅलीतले हिशेब असतात आणि या सगळ्याची दुसरी प्रत कोठेही नसते. डिस्कचे विभाजन करताना एक चुकीचा पर्याय निवडला गेला, तर नुकसान त्या मुलाचे एकट्याचे होत नाही आणि त्या घरात पुन्हा लिनक्सचे नाव निघत नाही. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारे, म्हणजे लाइव्ह, लिनक्स हा त्यावरचा साधा उपाय आहे. त्यात सिस्टिम पेन ड्राइव्हवरून आणि मेमरीतून चालते, लॅपटॉपची डिस्क आपण मुद्दाम उघडत नाही तोपर्यंत तिला हात लागत नाही आणि पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की विंडोज पूर्वीसारखे उभे राहते.

तारीख, जागा आणि वेळ

मेळाव्याची तारीख बहुधा दुसरेच कोणी ठरवते, पण विचारणा झाली तर मत जरूर द्यावे. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो आणि तो १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, अगदी जवळ येतो. हा योग जुळवून घ्यावासा वाटतो, परंतु अनेक वर्षी हेच दिवस गणेशोत्सवाचे असतात आणि निम्मे स्वयंसेवक मंडळांत अडकलेले असतात, हे ध्यानात घ्यावे. छत्रपती संभाजीनगरात मेळावा असेल तर १४ जानेवारीच्या आसपासचे दिवस टाळावेत, कारण नामविस्तार दिनानिमित्त विद्यापीठ परिसरात मोठा जनसमुदाय येतो आणि बाहेरगावच्या मंडळींना गाड्यांत जागा मिळत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत पत्र्याच्या छताखाली वीस लॅपटॉप आणि वीस माणसे बसवू नयेत.

सत्राची वेळ दीड तास पुरे आहे. तीन तासांचे एकच सत्र घेण्यापेक्षा दीड तासाचे तेच सत्र सकाळी आणि दुपारी असे दोनदा घ्यावे. लांबून येणारे सकाळी अकराच्या आधी स्थिरावत नाहीत आणि दुपारी साडेचारनंतर त्यांचे लक्ष परतीच्या एसटीकडे लागते, मुलींच्या घरून तर फोनही सुरू होतात. म्हणून पहिले सत्र साडेअकराला आणि दुसरे अडीचला ठेवावे. वेशभूषा स्पर्धेच्या वेळेशी सत्राची वेळ भिडू देऊ नये, कारण ज्यांना त्रिमितीसाठीचे ब्लेंडर किंवा चित्रकलेचे क्रिता ही सॉफ्टवेअर पाहण्याची सगळ्यांत जास्त उत्सुकता असते तीच मुले त्या स्पर्धेत असतात. वेशभूषा केलेले कोणी सत्राला आलेच तर पुठ्ठ्याचे चिलखत आणि पंख यांना जागा लागते. एका ओळीतल्या दोन खुर्च्या कमी केल्या तरी ही सोय होते.

खोली मुख्य मंचापासून दूर मागावी. संगीताच्या दणदणाटात कीबोर्डची बटणे समजावून सांगता येत नाहीत. खोली आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहावी आणि भिंतीवरचे प्रत्येक सॉकेट चार्जर लावून तपासावे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या अर्धा तासही टिकत नाहीत, त्यामुळे दर दोन लॅपटॉपमागे एक सॉकेट हवे आणि एक्स्टेंशन बोर्ड आपले स्वतःचे हवेत. वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे गृहीतच धरावा. इमारतीत इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर त्यावर या खोलीचे सॉकेट जोडलेले आहेत की फक्त दिवे आणि पंखे, हे तेथील शिपाईदादांना विचारून घ्यावे. उत्तर त्यांच्याकडेच नेमके मिळते. प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला व्हीजीए केबल लागते आणि नव्या लॅपटॉपला केवळ एचडीएमआय असते, म्हणून दोन्हींना जोडणारा अडॅप्टर बरोबर न्यावा.

कोणते लिनक्स आणि किती पेन ड्राइव्ह

कोणते वितरण निवडावे यावर जाणकारांमध्ये तासन्‌तास चर्चा होऊ शकते. नवख्यांच्या सत्रासाठी लिनक्स मिंट निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एमएस-सीआयटी करताना जे काही पाहिले असते त्याच्याशी त्याचा पडदा मिळताजुळता आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू आहे आणि बहुतेकांचे हात आपोआप तेथे जातात. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत सुधारणा मिळवत राहणार आहे, त्यामुळे आज शिकलेले लगेच जुने होत नाही. ४ जीबी मेमरी असलेले लॅपटॉप जास्त येणार असतील तर मिंटच्या नेहमीच्या सिनॅमन आवृत्तीऐवजी कमी मेमरीत चालणारी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. सर्व पेन ड्राइव्हवर एकच आवृत्ती असावी. शेजारच्याच्या पडद्यावर वेगळे दिसले की नवखा माणूस आपलेच काही चुकले असे समजतो.

आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण लिनक्स एकत्र बांधलेली फाइल, अधिकृत स्थळावरूनच उतरवावी आणि तिचा एसएचए२५६ बेरीज-अंक, म्हणजे फाइल अखंड असल्याची खूण, स्थळावरच्या अंकाशी जुळवून पाहावा. अर्धवट उतरलेली फाइलही पेन ड्राइव्हवर लिहिली जाते आणि ऐन सत्रात दगा देते. जुनी पडून असलेली आयएसओ वापरू नये. फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणाऱ्या सिक्युअर बूट या सुरक्षा-सोयीच्या सुधारणांनंतर नवी यंत्रे कधी कधी जुन्या आवृत्त्या सुरू करण्यास नकार देतात. एकाच पेन ड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवण्याची सोय देणारे व्हेंटॉय हे साधन आपल्या स्वतःच्या कामासाठी उत्तम आहे, परंतु सिक्युअर बूट चालू असलेल्या लॅपटॉपवर ते प्रथम एक किल्ली नोंदवायला लावते. सहभागींच्या यंत्रांवर अशी नोंद करू नये. त्यांच्यासाठी प्रत्येक पेन ड्राइव्हवर आयएसओ थेट लिहावी.

वीस जणांच्या सत्रात दोघांमागे एक लॅपटॉप धरून दहा लॅपटॉप आणि चौदा पेन ड्राइव्ह ठेवावेत. त्यांतले दोनतीन हमखास रुसतात. पेन ड्राइव्ह यूएसबी ३ प्रकारचे घ्यावेत. स्वस्त, संथ पेन ड्राइव्हवर सुमारे ३ जीबीची आयएसओ लिहायला प्रत्येकी दहा मिनिटे सहज लागतात, म्हणजे चौदा पेन ड्राइव्हना दोन तासांहून अधिक. हे काम मेळाव्याच्या आदल्या रात्रीवर टाकू नये. लिहून झालेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हवरून एकदा लॅपटॉप सुरू करून पाहावा आणि मगच त्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवावी.

सत्राला इंटरनेटची गरज भासणार नाही, अशीच सर्व आखणी करावी. मेळाव्याच्या गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते आणि सभागृहाच्या वायफायवर विसंबणे धोक्याचे असते. एखाद्या लॅपटॉपवर लिनक्सला वायफायचे कार्ड ओळखू आले नाही आणि इंटरनेट हवेच असेल, तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करावे. ते बहुधा लगेच चालते.

लॅपटॉप सुरू करणे

सत्राची खरी परीक्षा पहिल्या पंधरा मिनिटांत होते. पेन ड्राइव्ह लावून बूट मेनू, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची यादी, उघडायचा आहे, पण ते बटण प्रत्येक कंपनीचे वेगळे आहे: डेलसाठी बहुधा एफ१२, लेनोव्होसाठीही एफ१२ किंवा बाजूचे बारीक नोव्हो बटण, एचपीसाठी आधी एस्केप आणि मग एफ९, आसुससाठी एस्केप. एसरमध्ये एफ१२ असते, मात्र अनेकदा ते आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावे लागते. ही यादी मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावावी. विंडोजमधून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केल्यास जो निळा पडदा येतो, त्यातूनही यूएसबीवरून सुरू करण्याचा पर्याय अनेक यंत्रांवर मिळतो आणि ज्यांचे बटण वेळेवर दाबले जात नाही त्यांच्यासाठी तो सोपा पडतो.

येथे मदतनिसांनी एक पथ्य कडकपणे पाळावे. सिक्युअर बूट बंद करू नये आणि बायोसमधील इतर कोणतीही मांडणी बदलू नये. अलीकडच्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्कचे कूटबद्धीकरण (बिटलॉकर) मालकाला कळतही नाही अशा रीतीने चालू झालेले असते आणि सिक्युअर बूट बदलताच पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागू शकते. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, खाते दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. मिंट सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होते. ज्या लॅपटॉपवर ते सुरू होत नाही त्या मुलाला निमूटपणे शेजारच्या जोडीत बसवावे. अशा वेळी आपले कौशल्य दाखवण्याचा मोह आवरावा.

पडदा काळाच राहिला तर मिंटच्या सुरुवातीच्या मेनूतील कम्पॅटिबिलिटी मोड निवडावा. सुरू व्हायला दोनतीन मिनिटे लागू शकतात, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर कोणीतरी कंटाळून मध्येच पेन ड्राइव्ह उपटतो. तेवढ्या वेळात लिनक्स म्हणजे काय हे चार वाक्यांत सांगून घ्यावे: हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात, स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संच लिनक्सवर चालतो आणि हे सर्व कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते. इतका परिचय पुरतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगावी. लाइव्ह लिनक्स वापरून घरी गेल्यावर विंडोजचे घड्याळ कधी कधी साडेपाच तास मागे दिसते. यंत्रातील घड्याळ लिनक्स जागतिक वेळेनुसार धरते आणि विंडोज स्थानिक वेळेनुसार, एवढाच त्याचा अर्थ आहे. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ पुन्हा जुळवली की ते सरळ होते. हे माहीत नसले की घरी लॅपटॉप बिघडवून आणला असा समज होतो.

प्रत्यक्ष काम: एका चित्रपटाची मराठी उपशीर्षके

नवख्यांना मेनू फिरवून दाखवणे हे सत्र नव्हे. त्यांच्या हातून काहीतरी तयार झाले पाहिजे आणि ते चाहत्याच्या आवडीचे असले पाहिजे. माझ्या पाहण्यात यासाठी उपशीर्षकांइतके सोयीचे काम दुसरे नाही. जवळजवळ प्रत्येक चाहत्याने परकीय भाषेतील काही ना काही सबटायटल वाचत पाहिलेले असते आणि ते मराठीत असते तर बरे झाले असते, असे त्याला कधी तरी वाटलेले असते. फाइल, फोल्डर, मराठी टंकन आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, या चारही गोष्टी या एका कामात ओघाने येतात.

चित्रपट मात्र असा हवा की जो वाटण्याचा आणि कापण्याचा आपल्याला हक्क आहे. ब्लेंडर फाउंडेशनने २०१० साली प्रसिद्ध केलेला ‘सिंटेल’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट यासाठी योग्य आहे. त्यात संवाद आहेत, तो ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला आहे आणि क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन परवान्यामुळे निर्मात्यांचे श्रेय देऊन तो दाखवता, कापता आणि वाटता येतो. संवाद असलेला तीन मिनिटांचा तुकडा आधी कापून ठेवावा, त्याची फाइल लहान करावी आणि त्याची इंग्रजी उपशीर्षकांची एसआरटी फाइल त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. लाइव्ह लिनक्समधील फाइली मेमरीत साठतात, म्हणून पूर्ण चित्रपटाची मोठी प्रत ४ जीबीच्या यंत्रावर चढवू नये.

सत्रात हे फोल्डर दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवरून प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये उतरवू द्यावे. ते काम सहभागींनीच करावे. मग तुकडा चालवून पाहावा आणि त्यानंतर एसआरटी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी. ज्याला आपण मोठे तांत्रिक प्रकरण समजत होतो ती साधी मजकुराची फाइल आहे, हे दिसल्यावर मुले पुढे सरसावतात. प्रत्येक संवादाचा एक लहान गट असतो. पहिल्या ओळीत अनुक्रमांक, दुसऱ्या ओळीत संवाद दिसण्याची आणि जाण्याची वेळ, तिसऱ्या ओळीपासून संवाद आणि शेवटी एक कोरी ओळ. वेळेत तास, मिनिटे आणि सेकंद यांच्यामध्ये अपूर्णविराम असतो, सेकंदांनंतर स्वल्पविराम आणि मग तीन आकडी मिलिसेकंद असतात. कोरी ओळ चुकून पुसली गेली की दोन संवाद एकात मिसळून पडद्यावर येतात. ही चूक कोणी तरी करतेच. ती लपवू नये, सर्वांना दाखवावी, कारण तिच्यामुळे रचना पक्की लक्षात राहते.

मराठी टंकनासाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन लेआउटच्या यादीत मराठीची भर घालावी. त्यात मराठीचे इनस्क्रिप्ट आणि कगप असे दोन प्रकार दिसतात आणि दोन्हींना इंटरनेट लागत नाही. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय झालेल्यांना कगप जवळचे वाटते, कारण त्यात के दाबल्यावर क आणि जी दाबल्यावर ग उमटतो. इनस्क्रिप्ट शिकायला अर्धा दिवस जास्त लागतो, पण भारत सरकारने प्रमाण मानलेली ती मांडणी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मिळते, म्हणून ज्यांना पुढे नियमित लिहायचे आहे त्यांना मी तीच सुचवतो. तिचा तक्ता प्रत्येक जोडीला छापून द्यावा. फळ्यावर एकच शब्द सोडवून दाखवला तरी मर्म कळते. ‘मित्र’ लिहिण्यासाठी सी, एफ, एल, डी, जे ही बटणे क्रमाने दाबावी लागतात: म, त्याची ऱ्हस्व वेलांटी, त, हलन्त आणि र. वेलांटी कागदावर आधी काढली जात असली तरी येथे ती व्यंजनानंतर येते आणि जोडाक्षर हलन्ताने बांधावे लागते, या दोनच गोष्टी फोनच्या सवयीहून वेगळ्या आहेत. शिफ्टसह जे दाबल्यावर ऱ मिळतो आणि पुढे हलन्त देऊन ‘दऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ बिनचूक लिहिता येते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर शिकलेल्यांना सुरुवातीला अडखळल्यासारखे होईल, त्यांना थोडा अधिक वेळ द्यावा.

वेळेच्या ओळींना हात लावू नये, असे आवर्जून सांगावे. काही मराठी मांडण्यांमध्ये वरच्या ओळीतून देवनागरी अंक उमटतात आणि वेळ देवनागरी अंकांत लिहिली गेली तर प्लेअरला ती ओळखता येत नाही. म्हणून अनुक्रमांक आणि वेळा तयार असलेलीच फाइल द्यावी आणि फक्त संवाद बदलायला सांगावे. एका जोडीला सहा किंवा सात संवाद पुरेसे आहेत.

भाषांतरावर मात्र मनसोक्त बोलू द्यावे. हा भाग सत्राचा आत्मा आहे. ‘थांबा’ की ‘थांब’, योद्ध्याने म्हाताऱ्याला ‘तुम्ही’ म्हणावे की ‘बाबा’, नांदेडकडची बोली चालेल की नाही, असे वाद रंगले की समजावे सत्र जमले. पडद्यावर वाचायला वेळ कमी असतो, म्हणून एका संवादाला दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर देऊ नये, इतकीच शिस्त पुरे. फाइल जतन करून तुकडा पुन्हा चालवला आणि स्वतः लिहिलेले मराठी वाक्य पात्राच्या तोंडी उमटले की त्या जोडीला आणखी काही पटवून द्यावे लागत नाही.

कोणाच्या पडद्यावर उपशीर्षके दिसत नसतील तर बहुतेकदा नावाची गडबड असते. चित्रपटाच्या फाइलचे आणि एसआरटीचे नाव तंतोतंत सारखे हवे आणि लिनक्स मोठ्या-लहान रोमन अक्षरांत फरक करते, हे येथेच शिकवावे. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर देवनागरी फाँट नाही. ही तपासणी मेळाव्यापूर्वी आपण केलेली असलीच पाहिजे.

टर्मिनल आता, शेवटच्या वीस मिनिटांत, उघडावे. फाँट मोठा करावा, खिडकीतून ऊन येत असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवावीत. पीडब्ल्यूडीने आपण कोठे आहोत ते कळते, एलएसने काय काय आहे ते दिसते, सीडीने आत जाता येते आणि सीपीने आपल्या एसआरटीची एक राखीव प्रत करता येते. त्यानंतर ग्रेप वापरून स्वतःच्या फाइलमधून एखादा मराठी शब्द शोधून दाखवावा. पाच आज्ञा झाल्या, येथे थांबावे. सर्व काही पुसणाऱ्या आज्ञा गंमत म्हणूनही पडद्यावर आणू नयेत, कारण कोणीतरी त्या वहीत उतरवून घेतो आणि घरी करून पाहतो.

उठण्यापूर्वी प्रत्येकाची एसआरटी फाइल त्याच्या फोनमध्ये केबलने उतरवून द्यावी. लॅपटॉप बंद होताच लाइव्ह लिनक्समधील सगळे पुसले जाते आणि पहिल्याच कामाची फाइल हरवणे फार जिव्हारी लागते.

मदतनीस

पाच जणांमागे एक मदतनीस, शिवाय समोर उभे राहून सत्र घेणारा एक, असे माणूसबळ लागते. मदतनिसांची निवड करताना ज्ञानापेक्षा स्वभाव पाहावा. ज्याला सगळे येते पण थांबता येत नाही, त्याला पेन ड्राइव्ह लिहिण्याचे काम द्यावे. मेळाव्याच्या आधीच्या रविवारी सर्वांनी एकत्र बसून संपूर्ण सत्र एकदा घड्याळ लावून करून पाहावे, शक्यतो ज्याने लिनक्स कधी पाहिलेले नाही अशा एखाद्या नातेवाइकाला समोर बसवून.

सहभागीच्या कीबोर्डला मदतनिसाने हात लावायचा नाही. बोटाने दाखवावे, शब्दांत सांगावे, ‘ताई, खालच्या ओळीतलं डावीकडून तिसरं बटण’ असे सांगायला वेळ लागला तरी लागू द्यावा. मुलींच्या शेजारी मदतीला मुलगीच असेल तर प्रश्न अधिक मोकळेपणाने येतात, म्हणून मदतनिसांमध्ये मुली असाव्यात यासाठी आधीपासून प्रयत्न करावेत. पडद्यांचे आणि चेहऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. सहभागींपैकी बरेच जण अठरा वर्षांखालचे असतात.

विचारले जाणारे प्रश्न

पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, माझं विंडोज जाईल का?’ सत्राच्या सुरुवातीलाच, कोणी विचारण्यापूर्वी, नाही असे सांगून टाकावे आणि का नाही तेही सांगावे.

बाकीच्या प्रश्नांना उत्तर देताना लिनक्सवरच्या प्रेमापोटी सत्य वाकवू नये. टॅली विंडोजसाठीच बनते. श्रीलिपीवर ज्यांचे छपाईचे काम चालते, त्यांनी विंडोज ठेवावे. व्हॅलोरंट हा गेम लिनक्सवर चालत नाही. स्टीम या गेम्सच्या दुकानावरील पुष्कळ गेम्स मात्र प्रोटॉन या, विंडोजचे गेम्स लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने चालतात. चित्रकला करणाऱ्यांसाठी क्रिता, त्रिमितीसाठी ब्लेंडर, व्हिडिओ संकलनासाठी केडेनलाइव्ह आहेत आणि ही तिन्ही विंडोजवरही फुकट वापरता येतात, हे जरूर सांगावे. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला, ही माहिती चित्रकार मुलांचे डोळे चमकवते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि अनेक चालू स्थितीतले लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा घरांसाठी लिनक्स हा खरोखरीचा आधार आहे, म्हणून त्यांची नावे वेगळी लिहून घ्यावीत.

सत्रानंतर

ज्यांना लिनक्स बसवून हवे आहे त्यांना पंधरा दिवसांनंतरचा एक वेगळा दिवस द्यावा. मेळाव्याच्या दिवशी सांगितलेले त्या दिवसापर्यंत घरी बोलून झालेले असते. येताना काय आणायचे याचा छापील कागद हातात द्यावा: चार्जर, लॅपटॉपमधील सर्व महत्त्वाच्या फाइलींची बाहेरच्या डिस्कवर घेतलेली प्रत, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि बिटलॉकरची किल्ली, शिवाय लॅपटॉप घरातील इतर कोणी वापरत असेल तर त्यांची संमती. प्रत नसेल तर त्या दिवशीही लिनक्स बसवू नये, आधी प्रत घेण्यात मदत करावी. तो दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी, बसस्थानकाच्या जवळ ठेवला तर अंबडहून, गेवराईहून किंवा सेलूहून येणाऱ्यांनाही सोयीचे होते.

पेन ड्राइव्ह परत घ्यायचे की देऊन टाकायचे, हे वर्गणीवर अवलंबून आहे. शक्य असेल तर किमान एका जोडीमागे एक देऊन टाकावा. तो हॉस्टेलच्या खोलीत चार जणांच्या लॅपटॉपमध्ये फिरतो. परत घेतलेले पेन ड्राइव्ह पुढच्या सत्रापूर्वी पुन्हा नव्या आयएसओने लिहावेत. कोणत्या कंपनीच्या कोणत्या लॅपटॉपवर काय अडले, कोणते बटण चालले, कोणते सॉकेट मेलेले निघाले, याची नोंद त्याच संध्याकाळी, खोली आवरत असतानाच मदतनिसांकडून लिहून घ्यावी आणि कागद पेन ड्राइव्हच्या डब्यातच ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी जे कोणी हे काम हाती घेतील त्यांना तो शोधावा लागणार नाही.